‘सी. पी.’ म्हणजे काय ?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा कांहीं दिवस गुरुकुंज मोझरी येथें मुक्काम होता. अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील हें गांव. १९३५ सालीं तुकडोजी महाराजांनीं येथें आश्रम स्थापिला आणि तेव्हांपासून मोझरीच्या नांवास गुरुकुंज हा शब्द जोडला गेला. एके दिवशीं सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपून मंडळी परतत असतां एक बाई कडेवर दोन-अडीच वर्षांचें मूल घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. मूल दिसण्यांत गोजिरवाणें होतें. परंतु त्याची मान सांवरत नव्हती, आणि पाय कात्रीप्रमाणें एकमेकांवर ताठरलेले होते. बाईच्या हातांत एका रुग्णालयांतून मिळालेली चिठ्ठी होती. चिठ्ठी इंग्रजींत लिहिलेली. आणि तारीख, मुलाचें नांव व औषध एवढें सोडलें तर रोगाच्या नांवाच्या जागीं अवघीं दोन अक्षरें होतीं : ‘सी. पी.’ त्यांच्यापुढें एक प्रश्नचिन्ह.

आमच्याबरोबर नववींत शिकणारा एक हुशार विद्यार्थी होता. त्यानें चिठ्ठी हातीं घेतली आणि क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, “मावशी, सी. पी. म्हणजे खरेदीची किंमत. आमच्या गणितांत असतें हें.” बाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, “मंग किती पैसे लागतीन, भाऊ ?”

आमचा विद्यार्थी खोटें बोलला नव्हता. त्याच्या पुस्तकांत त्या अक्षरांचा तोच अर्थ दिलेला आहे. चिठ्ठी लिहिणारानेंही कांहीं खोटें लिहिलें नव्हतें. दोघेही आपापल्या परीनें बरोबर, आणि मध्यें ती माता मात्र अंधारांत ! असें कां व्हावें ? त्या वेळीं आम्हीं तिला काय सांगितलें तें शेवटीं निवेदन करूं. परंतु त्या दिवसापासून हीं दोन अक्षरें जेथें जेथें दृष्टीस पडतील तेथें तेथें टिपून ठेवण्याचा परिपाठ आम्हीं ठेविला, आणि त्या टिपणांतूनच हा लेख सिद्ध झाला आहे.

प्रथम आमच्या विद्यार्थ्याचाच अर्थ घेऊं. अंकगणितांतील नफातोट्याच्या प्रकरणांत सी. पी. म्हणजे कॉस्ट प्राइस, खरेदीची किंमत, आणि एस्. पी. म्हणजे सेलिंग प्राइस, विक्रीची किंमत. व्यापाऱ्यानें संत्र्यांची पेटी ४०० रुपयांस घेऊन ४६० रुपयांस विकली तर त्यास ६० रुपये, म्हणजे शेंकडा १५, नफा झाला. एस्. पी. मोठी असल्यास नफा, सी. पी. मोठी असल्यास तोटा, हें सूत्र आमच्या वाचकांस पाठच असेल. आतां हीच जोडी घेऊन पोलीस खात्यांत जावें. अमरावती शहरास पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून तेथील मुख्य अधिकारी सी. पी., म्हणजे कमिशनर ऑफ पोलीस. जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा मुख्य अधिकारी एस्. पी., म्हणजे सुपरिंटेंडेंट ऑफ पोलीस. मोझरी खेडें असल्यामुळें तें एस्. पी.च्या हद्दींत येतें. वर्तमानपत्रांत सी. पी. व एस्. पी. यांची भेट झाल्याचें वाचून कोणी नफातोट्याचा हिशेब मांडीत नाहीं, आणि गणिताच्या तासाला कोणास पोलिसांची आठवण होत नाहीं. अक्षरें तींच, त्यांची जोडीही तीच. बदलली ती केवळ बैठक.

परंतु आमच्या वऱ्हाडांतील एखाद्या वृद्ध गृहस्थास सी. पी. म्हणजे काय असें विचारावें. तो ना गणिताचें नांव काढील, ना पोलिसांचें. तो म्हणेल, सी. पी. म्हणजे आपला जुना मुलूख. हा अर्थ आमच्या प्रांतास सर्वांत जवळचा असल्यामुळें तो थोडा विस्तारानें सांगणें अवश्य आहे.

१८५४ सालीं इंग्रजांनीं नागपूरकर भोंसल्यांचें राज्य खालसा केलें. पुढें १८६१ सालीं तो मुलूख व उत्तरेकडील सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून एक नवा प्रांत बनविण्यांत आला. त्याचें इंग्रजी नांव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मराठींत मध्यप्रांत, कचेरींतील बोलींत सी. पी. वऱ्हाड त्या वेळीं या प्रांतांत नव्हता. तो निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहानें त्याचा कारभार इंग्रजांकडे आला होता. १९०२ सालीं वर्षास २५ लक्ष रुपये देण्याच्या करारानें इंग्रज सरकारनें तो कायमच्या पट्ट्यानें घेतला, आणि १९०३ मध्यें त्याची व्यवस्था मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोंपविली. तेव्हांपासून ‘सी. पी. अँड बेरार’ हें जोडनांव रूढ झालें. वऱ्हाडावर निजामाचें नामधारी स्वामित्व राहिलेलें असल्यामुळें वऱ्हाडचें नांव मध्यप्रांताच्या नांवांत विरघळून गेलें नाहीं. तें ‘अँड’ या लहानशा शब्दाच्या पलीकडे वेगळेंच उभें राहिलें.

या ‘अँड’चा अर्थ पाहावयाचा असेल तर मोझरीच्याच तिवसा तालुक्यांतील कौंडण्यपुरास जावें. रुक्मिणीचें माहेर म्हणून हें क्षेत्र प्रसिद्ध आहे. तेथें वर्धा नदीच्या घाटावर उभें राहिलें असतां पायांखालील भूमि अमरावती जिल्ह्याची, म्हणून ‘बेरार’. आणि पैलतीर वर्धा जिल्ह्याचें, म्हणून ‘सी. पी.’ अर्थात् काटेकोर बोलावयाचें तर मोझरी सी. पी.मध्यें कधींच नव्हती ! तरीही बोलण्यांत लोक सगळ्याच प्रांतास सी. पी. म्हणत, आणि त्यावरून कोणाचें भांडण होत नसे; कारण बोलणारा व ऐकणारा दोघेही एकाच मुलखांतले होते.

१९५० सालीं भारताची राज्यघटना अमलांत आली आणि प्रांताचें नांव मध्यप्रदेश झालें. मराठी माणसास ‘मध्यप्रांत’ व ‘मध्यप्रदेश’ यांत फारसा भेद वाटला नाहीं. परंतु इंग्रजी अक्षरांचा कायापालट झाला. पूर्वीचें इंग्रजी नांव भाषांतर होतें, म्हणून सी. पी.; नवें नांव देशी शब्दच इंग्रजी लिपींत घेऊन बनलें, म्हणून एम्. पी. नागपूर राजधानी असलेल्या त्या मध्यप्रदेशांत अमरावती व अकोला हे जिल्हे सुमारें सात वर्षें होते. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत गेले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आले. मोझरीच्या एखाद्या शेतकऱ्यानें आपल्या आयुष्यांत घर न सोडतां चार राज्यनांवें पाहिलीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि एम्. पी.ची कथा तरी काय निराळी आहे ? आज कोणी अमरावतीचे एम्. पी. म्हटलें तर आपण मध्यप्रदेश न समजतां लोकसभेचे सदस्य समजतों.

राज्यें जातात, परंतु अक्षरें चिवट असतात. सी. पी. प्रांत नाहींसा होऊन पाऊणशें वर्षें झालीं, तरी लाकडाच्या वखारींत आजही ‘सी. पी. टीक’ मागितल्यास चंद्रपूर-बल्लारपूरकडील सागवान दाखवितात. मागणाऱ्यास व विकणाऱ्यास त्या अक्षरांचा विस्तार ठाऊक असेलच असें नाहीं, सी. पी. म्हणजे चांगल्या जातीचें सागवान, एवढें दोघांस पुरतें. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपुरास व दुसरीकडे यवतमाळास जाणारी अरुंद रुळांची गाडी लोक प्रेमानें ‘शकुंतला’ म्हणत. हा मार्ग किलिक निक्सन या पेढीनें १९१० सालीं स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. प्रांत संपला तरी कंपनीचें नांव तेंच राहिलें, आणि १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन त्याच नांवाच्या रुळांवरून कापसाच्या मुलखांत फुसफुसत फिरत होतें. नागपुरास सी. पी. अँड बेरार या नांवाचें महाविद्यालय आहे, आणि सिव्हिल लाइन्समध्यें सी. पी. क्लब आहे. क्रिकेटच्या षोकी वाचकांस हेंही सांगावयास हवें कीं रणजी करंडकाच्या आरंभींच्या वर्षांत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार या नांवाचा संघ खेळत असे. विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ च्या हंगामापासून खेळूं लागला.

आतां बाजारांत येऊं. नळांचें सामान विकणाऱ्या दुकानदारास सी. पी. म्हणजे क्रोमियम प्लेटेड, क्रोमियमचा चकचकीत मुलामा दिलेली वस्तु. शाळेच्या रसायनशाळेंत एखाद्या बाटलीवर तींच अक्षरें आढळलीं तर त्यांचा अर्थ केमिकली प्युअर, रासायनिक दृष्ट्या शुद्ध. गंमत अशी कीं एका ठिकाणीं सी. पी. म्हणजे वरून दिलेला मुलामा, आणि दुसऱ्या ठिकाणीं सी. पी. म्हणजे निर्भेळपणा ! जुन्या काळीं खेडोपाडीं भजनाच्या वेळीं पंप मारून लावीत त्या बत्तींचा उजेडही सी. पी.नेंच मोजीत, तेथें सी. पी. म्हणजे कँडल पॉवर, मेणबत्तीशीं तुलना करून ठरविलेली प्रकाशशक्ति. १९४८ मध्यें कँडेला हें एकक आंतरराष्ट्रीय परिषदेनें स्वीकारल्यावर शास्त्रीय लेखनांतून कँडल पॉवर मागें पडली.

पदार्थविज्ञानांत मोठा सी लिहून त्याच्या पायाशीं लहान पी लिहितात. दाब कायम ठेवून एक ग्रॅम पदार्थाचें तपमान एक अंशानें वाढविण्यास जेवढी उष्णता लागते तिची ती खूण; पाण्याच्या बाबतींत ही उष्णता सुमारें ४.१८ जूल भरते. अणूच्याही आंतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास करणाऱ्यांचा सी. पी. याहून निराळा. तेथें सी म्हणजे कणाच्या जागीं प्रतिकण घेणें, आणि पी म्हणजे आरशांतल्याप्रमाणें डावें-उजवें उलटणें. हे दोन्ही फेरफार एकदम केले तर सृष्टीचे नियम बदलणार नाहींत अशी समजूत होती. १९६४ सालीं क्रोनिन व फिच या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रयोगानें ती खोटी ठरविली, आणि १९८० मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. संगणक चालविणाऱ्यांपैकीं ज्यांस युनिक्स पद्धति अवगत आहे त्यांच्या लेखीं मात्र सी-पी म्हणजे नक्कल कर, अशी साधी आज्ञा.

दिल्लीकरांचें सी. पी. म्हणजे कॅनॉट प्लेस ही गोल बाजारपेठ. १९९५ सालीं तिला राजीव चौक असें नवें नांव मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं सी. पी.च आहे. आणि केरळांतील वृद्धांपुढें ‘सर सी. पी.’ असें म्हटलें तर १९३६ ते १९४७ पर्यंत त्रावणकोर संस्थानचे दिवाण असलेले सी. पी. रामस्वामी अय्यर त्यांच्या डोळ्यांपुढें उभे राहतील. अशी ही यादी कितीही वाढवितां येईल. परंतु एवढ्यानेंच तात्पर्य स्पष्ट व्हावें.

तें तात्पर्य असें कीं, संक्षेपास स्वतःचा अर्थ नसतो. शब्दास थोडाफार तरी असतो. ‘नदी’ हा शब्द कोणत्याही कागदावर लिहा, तो नदीच राहील. संक्षेप हा मात्र गांठोड्यासारखा आहे. ज्यानें बांधलें त्यास आंत काय आहे तें ठाऊक. ज्यास त्यानें सांगितलें त्यासही ठाऊक. इतरांस केवळ गांठ दिसते. तो वापरणारांचा एक करार असतो, आणि ज्याची त्या करारावर सही नाहीं त्यास तो उलगडत नाहीं. म्हणून अर्थ शोधणाऱ्यानें प्रथम कागद कोठून आला तें पाहावें, मग शेजारचे शब्द पाहावे, आणि तरीही उलगडा न झाल्यास लिहिणाऱ्यास विचारावें. आपल्याला ठाऊक असलेला पहिला अर्थ लावून मोकळें होणें, हीच आमच्या विद्यार्थ्याची चूक झाली. ज्ञान कमी होतें म्हणून ती झाली नाहीं. तें एका ठिकाणीं पक्कें होतें म्हणून झाली. अशी चूक हुशारांच्याच हातून अधिक होते.

यावरून कोणी असें समजूं नये कीं हा दोष इंग्रजीचाच आहे. आम्ही मराठी लोकही संक्षेपांत मागें नाहीं. पाकिटावर ‘मु. पो. मोझरी, ता. तिवसा, जि. अमरावती’ असें लिहिलें कीं टपालवाल्यास मुक्काम, पोस्ट, तालुका व जिल्हा हे चारही शब्द कळतात. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री, ‘ह. मु.’ म्हणजे हल्लीं मुक्काम, ‘ता. क.’ म्हणजे ताजा कलम, हें आमच्या आजोबांस सांगावें लागत नसे. आजच्या मुलांस सांगावें लागतें. पेशवाईंतील कागदांत तारखेपूर्वीं ‘छ’ असें एकच अक्षर आढळतें. तें मुसलमानी महिन्याच्या चंद्राचें म्हणजे तिथीचें द्योतक होय. लिहिणाऱ्या कारकुनास तें सांगण्याची गरज वाटली नाहीं, पण आज तो कागद वाचावयास बसणाऱ्यास तें शिकावें लागतें. संक्षेप लिहिणाऱ्याचा वेळ वांचवितो. परंतु वांचलेला तो वेळ पुष्कळदां वाचणाऱ्याच्या पदरांतून खर्च होतो.

येथें आम्हांस क्रूसावरील लेखाची आठवण होते. ख्रिस्तमंदिरांतील क्रूसमूर्तीच्या डोक्याशीं बहुधा आय्. एन्. आर्. आय्. हीं चार अक्षरें असतात. ती नासरेथकर येशू हा यहूद्यांचा राजा, अशा अर्थाच्या चार लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें होत. परंतु योहानाच्या शुभवर्तमानावरून पाहतां मूळ लेख संक्षिप्त नव्हता. तो पूर्ण शब्दांत आणि इब्री, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत लिहिलेला होता, व येणाऱ्या-जाणाऱ्या पुष्कळांनीं तो वाचला. जागेच्या सोयीसाठीं चार अक्षरें पुढें चित्रकारांनीं केलीं. जी गोष्ट सर्वांस कळावी असें वाटतें ती पूर्ण लिहावी, आणि वाचणाऱ्याच्या भाषेंत लिहावी, हा धडा त्यांत आहे.

आतां त्या चिठ्ठींतील अर्थ. वैद्यकांत सी. पी. म्हणजे सेरेब्रल पाल्सी. सेरेब्रल म्हणजे मेंदूचें, पाल्सी म्हणजे लुळेपणा. मूल पोटांत असतां, जन्मतांना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूस इजा पोंचली तर हालचालीचा व अंगाच्या तोलाचा ताबा बिघडतो. कोणाचे स्नायु ताठरतात, तर कोणाचे आपोआप हलत राहतात. लंडन येथील शस्त्रवैद्य विल्यम लिट्ल यांनीं १८६१ सालीं, म्हणजे आमचा सी. पी. प्रांत जन्मला त्याच वर्षीं, कठीण प्रसूति व अशा मुलांचें अपंगत्व यांचा संबंध मांडला. १८८९ मध्यें विल्यम ऑस्लर यांनीं मुलांतील या विकारावर ग्रंथ लिहिला. हा रोग संसर्गजन्य नाहीं. तो कोणाच्या पापाचें फळ नाहीं. मेंदूस झालेली इजा पुढें वाढत जात नाहीं. आणि कांहीं मुलांच्या बुद्धीवर परिणाम होत असला तरी पुष्कळांची बुद्धि शाबूत असते, केवळ बोलतां वा चालतां न आल्यामुळें लोक त्यांस मंद समजतात. तो औषधानें समूळ बरा होत नाहीं. परंतु व्यायामोपचार जितका लवकर सुरू होईल तितका मुलास लाभ होतो. २०१६ च्या कायद्यांत अपंगत्वाचे जे २१ प्रकार मानले आहेत त्यांत याचाही समावेश असल्यामुळें प्रमाणपत्र घेऊन सवलतीही मिळूं शकतात. एवढें सगळें त्या दोन अक्षरांच्या गांठोड्यांत बांधलेलें होतें, आणि मातेस कळलें काय, तर पैसे लागतील !

त्या सायंकाळीं हा अर्थ आम्हांस ठाऊक होता, तरी आम्हीं तो त्या बाईस सांगितला नाहीं. अक्षरांपुढें प्रश्नचिन्ह होतें. म्हणजे डॉक्टरांस संशय होता, निश्चय नव्हता. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर आम्हीं देणें म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचीच चूक दुसऱ्या रीतीनें करणें होय. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं हे पैशाचें बोलणें नव्हे, मुलाच्या दुखण्याचें नांव आहे. उद्यां पुन्हा जाऊन तें डॉक्टरांनाच विचारावें. मग आमच्या विद्यार्थ्यानें, कोणी न सांगतां, चिठ्ठीच्या पाठीवर सुवाच्य अक्षरांत एक ओळ लिहिली : सी. पी. म्हणजे काय तें कृपा करून मराठींत लिहून द्यावें.

तीन दिवसांनीं बाई आपल्या भावासह भेटावयास आली. त्या ओळीखालीं डॉक्टरांनीं मराठींत पांच-सहा ओळी लिहिल्या होत्या : दुखण्याचें पूर्ण नांव, संशयाचें कारण, करावयाची तपासणी, आणि व्यायामासाठीं मुलास कोणत्या वारीं कोठें आणावें. आमच्या विद्यार्थ्यानें चिठ्ठीसाठीं हात पुढें केला; परंतु त्या वेळीं इंग्रजी जाणणाऱ्याची गरज उरली नव्हती. बाईची चौथींत शिकणारी भाची बरोबर आली होती, आणि तिनें त्या साऱ्या ओळी आत्याला आधींच दोनदां वाचून दाखविल्या होत्या.